आधी सोबत आला का ते बघ

सर,

भंडाऱ्यात आपली पहिली केस झाली. पेशंट स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला. खरं तर एवढं सांगून मला थांबता यायला हवं, पण तुम्ही थांबू दिलं असतं का? "मंग? अर्धवट कायले सांगते, पुढं बोल ना," म्हणत खुर्ची ओढून बसला असतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी केस संपली की मी तुम्हाला तोंडी रिपोर्ट देतेच. गाडी चालवताना देते, भाजी निवडताना देते. नवरा म्हणतो, एकटी असलीस की ओठ हलतात तुझे. या वेळी मात्र तेवढ्यानं भागेना, म्हणून कागद घेऊन बसले आहे. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय. वाचताना चष्मा लावा.

तुम्हाला आठवतं ना, तुम्ही नेहमी चिडून म्हणायचात, "आपले लोक एसटीनं नागपूरले पोचेपर्यंत धडधड थांबून जाते. मंग डॉक्टर म्हणते, तुले काही नाही झालं, टेन्शन घेऊ नको. अरे, चोर पळून गेल्यावर पंचनामा करून काय फायदा?" लाखांदूरकडच्या तुमच्या गावातल्या किती जणांना तुम्ही असं रिकाम्या हातानं परत जाताना पाहिलं असेल. तुमचं म्हणणं एकच, की ही तपासणी भंडाऱ्यातच व्हायला पाहिजे. तेव्हा आम्ही मागे हसायचो. सरांना जिल्ह्याचं वेड आहे म्हणायचो. आता भंडाऱ्यातल्या एका छोट्या दवाखान्यानं अँजिओग्राफीची खोली उघडली आहे. ठोक्यांचा आलेख टिपणारं मशीन त्यांच्याकडे नाही, म्हणून मी माझंच मशीन खोक्यांत भरून गाडीत टाकलं, वायरी मागच्या सीटवर, आणि नागपूरहून निघाले. दवाखान्याच्या मालक डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, ही केस नीट झाली तर दर महिन्याला एक दिवस तुमचा. बिघडली तर मात्र पुन्हा नाव काढू नका, लोक आमच्या पायरीवर यायचे नाहीत." माणूस तोंडाचा फटकळ, पण खोटं काही बोलला नाही.

पेशंट करडीकडचा. तलावात मासेमारी करतो, वय पस्तिशीच्या आतलं, दंड असे की त्याच्या हाताची शीर बघूनच मला आनंद झाला. त्याला मधूनच अशी धडधड सुटते की डोळ्यांपुढे अंधारी येते. मागच्या हिवाळ्यात डोंग्यात उभा राहून जाळं ओढत होता, तेव्हा आली, आणि हा सरळ पाण्यात. दुसऱ्या डोंग्यातल्या दोघांनी केसाला धरून वर काढला. तेव्हापासून त्याला पाण्यात कोणी जाऊ देत नाही. त्याची बायको माझ्यासमोर पदराचं टोक पिळत बसली होती. "यायले पाण्यातलं काही लागलं म्हणे जी. लिंबू झालं, कोंबडं झालं, समदं करून पाह्यलं. मंग सरकारी दवाखान्यात एक डाव धडधड चालू असतानीच गेलो, तर तिथल्या बाईनं धडधडीची कागदी पट्टी काढून देल्ली." आणि तो खाली मान घालून म्हणाला, "तलावाच्या पाळीवर बसून जाळे सांधतो मी. दिवसभर पाणी पाहतो अन् घरी येतो. यापरीस बुडालो असतो तं बरं झालं असतं जी." बायकोनं त्याच्या मांडीवर असा फटका मारला की शेजारच्या बाकावरची म्हातारी दचकली. "पुन्हा म्हणजो असं! पुन्हा म्हणून तं पाह्य!" मला ती बाई तिथेच आवडली.

तिनं विचारलं, नेमकं काय करणार जी? मी तिला घराचं उदाहरण दिलं. उदाहरण तुमचंच, सर, मी नुसतं उसनं घेतलं. म्हटलं, हृदयात वर एक घर आहे, खाली एक अंगण आहे, आणि दोघांमध्ये एकच दार. घरातून निघालेला इशारा दारातून अंगणात उतरतो, तेव्हा ठोका पडतो. काही माणसांत जन्मापासूनच भिंतीत दुसरं चोरदार राहून जातं. मग इशारा दारानं अंगणात उतरतो, चोरदारानं पुन्हा घरात शिरतो आणि गरगर फिरत राहतो. दुसऱ्या काही जणांत चोरदार नसतंच, इशारा मोठ्या दाराच्या चौकटीतच अडकतो आणि तिथल्या तिथे फिरतो. छातीत धडधड तीच, कागदाच्या पट्टीवर रेघा त्याच. पण उपाय वेगळे. चोरदार असेल तर ते शोधून, भाजून बुजवायचं. चौकटीतली फिरकी असेल तर चौकटीच्या खालच्या अंगाला, जरा अंतर राखून, आत सरकवलेल्या तारेच्या टोकानं थोडंसं भाजायचं. आणि चुकून मोठं दारच भाजलं गेलं, तर घराचा अंगणाशी संबंध तुटतो, मग जन्मभर छातीत पेसमेकर. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे भिंतीले हात लावा, पण जागा पाहून लावा." हव, म्हटलं, तेवढंच आहे माझं काम.

हे बोलताना माझ्या डोळ्यांपुढे तुमचं गावचं स्वयंपाकघर होतं. मला हा विषय काही केल्या डोक्यात शिरत नव्हता म्हणून तुम्ही दिवाळीत मला गावी बोलावलं होतंत. मी आपली तुमच्या घरी पुस्तकं घेऊन आलेली, आणि तुम्ही बनियन आणि लुंगीवर. काकू चुलीपाशी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळतायत. तुम्ही मला परसात उभं करता, परस म्हणजे हृदयाचं अंगण, आणि म्हणता, टाळ्या वाजव, एका चालीनं. मी वाजवते. तुम्ही आधी मोठा फेरा घेता: मागच्या दारानं परसात, माझ्या अंगावरून, ओसरीतून वळून पुन्हा आत. माझ्या टाळीच्या चालीनं चालता, आणि मी टाळी थांबवली की लगेच माझ्याजवळ हजर. "पाह्यलं? माह्या रस्त्यातच उभी आहेस तू, मले परत याले वेळ कायचा?" मग तुम्ही आत चुलीभोवतीच फिरता, परसात येतच नाही. काकूंना दारात उभं केलेलं. माझी टाळी काकूंनी तुम्हाला सांगायची आणि तुमचा फेरा झाला की काकूंनी मला. मी थांबते, तर निरोप आत जायला वेळ, तुमच्या फेऱ्याला वेळ, निरोप बाहेर यायला वेळ. काकू हातात झारा घेऊन ओरडतायत, "लाज वाटते का काही? पोट्टी शिकाले आली का तुमचा तमाशा पाहाले? माह्या वड्या करपून राहिल्या!" पण विषय त्या दिवशी जो डोक्यात शिरला तो शिरलाच. लवकर परत आला तर अंगण त्याच्या वाटेत आहे, चोरदार आहे. उशिरा आला तर तो आतल्या आत फिरतोय.

तिसऱ्या वेळी तुम्ही मला फसवलंत. मी टाळ्या वाजवल्या, थांबले, तुम्ही चटकन समोर आलात, आणि मी ऐटीत म्हटलं, चोरदार! तुम्ही ओसरीच्या खांबाला टेकून हसत सुटलात. "अवं शहाणे, मी कुठं तुह्या टाळीवर चालून राहिलो होतो? मी माह्याच चालीनं चालून राहिलो होतो. तू आपली एकटीच टाळ्या वाजवून राहिली होती. आधी तं पाह्य, तो तुह्यासंग आला का. संग आलाच नाही, तं तो परत केव्हा आला याचा हिशेब कायले करते?" मला इतका राग आला होता की मी वड्या खाणार नाही म्हटलं. मग नऊ खाल्ल्या. काकूंनी मोजल्या होत्या आणि पुढे कित्येक वर्षं मला त्यावरून ऐकवलं.

त्यावरून तुम्ही लॅबमध्ये तुमचा तो नियम काढलात, ज्याला बाहेरची पोरं हसायची. शिरेतून हृदयात नेलेल्या कॅथेटरच्या तारेनं खालच्या कप्प्यातून, म्हणजे अंगणातून, धडधडीपेक्षा किंचित जलद ठोके द्यायचे, आणि वरचा कप्पा, म्हणजे घर, त्या चालीवर आला का ते स्क्रीनवर एकेका ठोक्याखाली बोट ठेवून मोठ्यानं म्हणायचं. आला. आला. आला. सगळे म्हटल्याशिवाय पुढचं मोजायचंच नाही. मी मोहाडीच्या विणकर घरातली, नागपुरात शिकायला आल्यावर जिभेवरून 'मले' 'तुले' घासून काढलेली. मला ते अंगणात कोणी पाहुण्याची वाट बघत असल्यासारखं ओरडणं फार गावंढळ वाटायचं. एकदा मी पुटपुटले तर तुम्ही ग्लोव्ह्ज काढून टाकलेत. "तोंडात जीभ नाही काय वो? खोलीतल्या साऱ्यायले आयकू गेलं पाह्यजे. एकट्याच्या डोळ्याले आपल्याले पाह्यजे तेच दिसते!" आणि चहा प्यायला निघून गेलात, पेशंट टेबलावर, मी उभी. मी त्या दिवशी तुमच्या नावानं काय काय म्हटलं ते लिहीत नाही. पण परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही पेन दिलं नाहीत, घड्याळ दिलं नाहीत, घरच्या तांदळाची गोणी माझ्या खोलीवर आणून टाकलीत, आणि म्हणालात, खा आणि आवाज वाढव.

तर भंडाऱ्याची केस. काचेपलीकडे मालक डॉक्टर, शिवाय नागपूरहून मुद्दाम बघायला आलेले दोन मोठे डॉक्टर, हाताची घडी घालून. पेशंट जागाच, मांडीतली जागा फक्त बधिर केलेली. धडधड आम्ही मुद्दाम सुरू केली, लगेच सुटली. परत वर जाणारा इशारा सगळ्यात आधी दिसला तो मोठ्या दाराच्या अगदी कडेला. म्हणजे झालं ना अवघड. चौकटीतली फिरकी असली तरी तिथेच दिसणार, आणि चोरदार दाराला चिकटून असलं तरी तिथेच दिसणार. मी खालून ठोके दिले, थांबले, मोजलं. लवकर परत. चोरदार, दाराला खेटून. मी तसं जाहीरही केलं, जरा मोठ्यानंच, काचेपलीकडे जावं म्हणून. नागपूरच्या दोघांनी मान हलवली. 'आला' मी म्हटलं नव्हतं. त्या दोघांसमोर तसं बोंबलायची मला लाज वाटली, सर. सरळ सांगते.

कॅथेटर दाराच्या अंगाला नेऊन टेकवलं. इतकं वर भाजायचं म्हणजे जपूनच, पण चोरदार तिथेच असेल तर इलाज काय? पायाशी पेडल, दाबलं की भाजणार. आणि भाजण्याआधी फोटो काढून ठेवायचा म्हणून मी आलेख मागे नेला, तर माझं बोट आपोआप वरच्या कप्प्याच्या ठोक्याखाली गेलं. सवय हो, तुमचीच. तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर पडेना. कारण तो आलाच नव्हता. वरचा कप्पा आपल्याच चालीनं चालला होता. मी ठोके फार थोडे दिले होते आणि घाईनं थांबवले होते, त्याला सोबत येईपर्यंत वेळच दिला नव्हता. दोघांच्या चालीत फरक एवढासा, की नजर सहज घसरावी. पाय मी असा मागे ओढला की पेडल खोलीच्या कोपऱ्यात गेलं. मोठं दारच मी भाजायला निघाले होते. त्याला जन्मभराचा पेसमेकर लावून ठेवला असता मी, नसलेल्या चोरदारापायी.

काचेपलीकडून मालकांनी विचारलं, "काही प्रॉब्लेम, मॅडम?" मी म्हटलं, "हो. मी चुकले. पुन्हा करते." हे म्हणताना मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. पुन्हा ठोके दिले, या वेळी सावकाश, भरपूर, आणि बोट लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पहिले काही नाही. नाही. नाही. मग हळूच वरची चाल खालच्या चालीला मिळाली. आला. आला. आला. टेबलावरून पेशंटचा आवाज, धाप लागलेला, "कोन आला जी, मॅडम?" मी म्हटलं, "तुमचाच ठोका आला. गप्प राहा, श्वास घ्या." "येऊ द्या, येऊ द्या," म्हणाला बिचारा. सगळी खोली हसली, नागपूरचे दोघेसुद्धा. मग मी थांबले, आणि तो परत आला तो चांगला उशिरा, काकूंच्या हातून निरोप फिरून आल्यासारखा. आतल्या आत फिरत होता, सर. चोरदार नव्हतंच. मी आणखी एकदा केलं, मग तिसऱ्यांदा. दर वेळी आला, दर वेळी उशिरा परतला. कॅथेटर खाली घेतलं, दारापासून चांगलं अंतर ठेवून, आणि थोडं थोडं भाजलं, प्रत्येक ठोक्याला घरातून अंगणात निरोप उतरतोय ना हे बघत. नंतर आम्ही ती धडधड सुरू करायचा सगळ्या तऱ्हांनी प्रयत्न केला. औषध दिलं, वाट पाहिली, पुन्हा डिवचलं. नाही सुटली. मालक डॉक्टर आत येऊन म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्याची तारीख कोणती धरू?" एवढंच म्हणाले, आणि मला त्या फटकळ माणसाला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, काळजी करू नका.

दुसऱ्या दिवशी सुट्टी देताना मी औषधं, जखम, जड न उचलणं वगैरे पाठ म्हणून दाखवलं. ते दोघंही माना डोलावत राहिले. मग मला वाटलं, मी आपली एकटीच टाळ्या वाजवतेय. मी थांबले आणि बायकोला म्हटलं, तुम्हाला काय विचारायचं ते विचारा. तिनं हातातली औषधांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "यायले पाण्यात जाऊ देऊ का जी? तुमी हव म्हणा नाहीतं नाही म्हणा. सांभाळून, पाहून, असं काही म्हणू नका. सांभाळून म्हटलं का माह्या सासूले ते 'नाही'च आयकू येते." तो माणूस माझ्याकडे असा बघत होता, सर, की मला खिडकीकडे बघावं लागलं. आमच्या धंद्यात कोणी 'हो' असं नुसतं म्हणत नाही. शक्यतो, बहुधा, साधारणपणे, हीच आमची भाषा. मी म्हटलं, "जखम भरू द्या. मग हव. जाऊ द्या." त्यानं खाली वाकून माझ्या पायांना हात लावायच्या आत मी पळाले.

हे पत्र मी कोणाला देणार नाही. काकूंना दाखवावं असं एकदा वाटलं. त्या आजही दर दिवाळीला वड्या पाठवतात, सोबत चिठ्ठी, मोजून खा. पण काकूंच्या हातात गेलं म्हणजे लाखांदूरपासून साकोलीपर्यंत साऱ्या नात्यात वाचून होईल, आणि पुढचा भाग मला कोणाला कळायला नको आहे.

जखम भरल्यावर तो कोणत्या दिवशी पाण्यात उतरणार हे मी फोनवर सहज म्हणून विचारून घेतलं होतं. त्या रविवारी मी माहेरी मोहाडीला जाते म्हणून निघाले आणि गाडी करडीच्या बाजूला वळवली. सकाळची वेळ. तलावाच्या पाळीवर गाडी ठेवून पळसाच्या आडोशाला उभी राहिले. पुरती शहाणी बाई, चपला हातात, कारण पाळीवर चिखल होता. त्याची बायको काठावर कमरेवर हात ठेवून उभी. तो डोंगा ढकलत पाण्यात घेऊन गेला, चढला, मध्यावर गेला, उभा राहिला. जाळं ओढू लागला. केवढा वेळ चाललं ते! मग भरलेलं जाळं घेऊन काठाला लागला, ओलाचिंब, आणि कोणाला तरी शिवी देत मोठ्यानं हसला. तेवढ्यात बायकोनं मला पाहिलंच. "अगे माय! मॅडम! तुमी इकडं कशा?" मी चपला पाठीमागे लपवल्या. म्हटलं, "मासे घ्यायले आले." तोंडातून 'घ्यायले'च निघालं. तिनं पैसे घेतले नाहीत. दोन रोहू, ओंजळभर झिंगे, पिशवी मला उचलवेना. आणि मी जन्मात मासा खाल्लेला नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. गाडीला अजून वास आहे. नवरा विचारतो, मी सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, तीनदा तपासलं होतं, मग काहून गेली? सर, मोजमापावर माझा पूर्ण भरवसा होता. एवढ्या लांब मी फक्त बघायला गेले होते. आणि तो डोंग्यात उभा राहिला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले.